नऊ हजार पाठमोरी डोकी

भिंतीतून आधी धूळ आली. मग घरघर आली. आणि मग बोटाएवढं लोखंडी टोक गरागरा फिरत बाहेर आलं, ते थेट गिऱ्हाइकाच्या कानाशेजारी.

गिऱ्हाईक म्हणजे शाळेतल्या मास्तरीणबाई. डोक्याला फेस, गळ्याभोवती टॉवेल, मान मागे बेसिनमध्ये टाकून निवांत डोळे मिटून पडलेल्या. त्यांनी डोळे उघडले, टोक बघितलं आणि चार वर्ग एकदम गप्प होतील असा आवाज काढला.

केस धुणाऱ्या पोरीनं फेसाळलेले हात तसेच कमरेवर ठेवले. तिला सगळे कात्री म्हणायचे. हातात कात्री असायची म्हणून, आणि जीभही त्याच दुकानात धार लावून आणलेली होती म्हणून. टोक आत ओढलं गेलं, भिंतीला गोल भोक उरलं. भिंतीपलीकडे दातांचा दवाखाना. तिथे दिवसभर काही ना काही घरघरतच असायचं, त्यामुळे आधी कुणाला संशय आला नव्हता. पण दात भिंतीत उगवत नाहीत, एवढं तिला कळत होतं. ती वाकली आणि तिनं भोकाला डोळा लावला.

पलीकडूनही एक डोळा लागला होता.

काळाभोर. पापणीवर सिमेंटची भुकटी. दोन डोळे एकमेकांकडे बघत राहिले — एक रागानं, एक भीतीनं. घाबरलेल्या डोळ्यानं दोनदा उघडझाप केली.

"चुकलं..." डोळ्याचा मालक म्हणाला.

"चुकलं? बाईंच्या कानातून गेलं असतं ते!"

"पाइप शोधत होतो."

"मग सापडला का?"

"अजून नाही. इथे नाही म्हणजे... वीतभर डावीकडे असणार."

"थांबा! डावीकडे अजिबात काही करू न—"

घरघर. मग फट्‌ आवाज. आणि भोकाच्या शेजारून गार पाण्याची धार निघाली ती सरळ कात्रीच्या तोंडावर.

"सापडला," पलीकडून बारीक आवाज आला.

दुकान मावशीचं होतं. कात्रीच्या आईची थोरली बहीण. बोटं आखडली तशी मावशीनं कात्री भाचीच्या हातात दिली, पण जीभ कुणाच्या हातात दिली नव्हती. दाराजवळच्या टेबलाशी ती येणाऱ्याजाणाऱ्याची नावं वहीत लिहायची आणि सगळ्यांना ताळ्यावर ठेवायची. पाण्याचा मुख्य नळ बंद करून तो नळवाला गळ्यात मोजायची टेप आणि हातात फोन घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मावशीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"या, नळोबा. अजून एखादी भिंत शिल्लक आहे, ती दाखवू का?"

"मावशी, माझ्याकडे फोटो होता," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "ही भिंत सहा वर्षांपूर्वी मीच बंद केलीय. बंद करायच्या आधी प्रत्येक भिंतीतल्या पाइपांचा फोटो काढतो मी. टेप लावून... जमिनीपासून किती, दारापासून किती. म्हणजे पुढे कधी भोक पाडायचं झालं तर चुकायला नको."

"मग चुकलं कसं?" कात्रीनं टॉवेलनं तोंड पुसत विचारलं.

"फोटो सापडला नाही."

त्यानं फोन पुढे केला. चौदा हजार फोटो. भिंत, पाइप, टेप. भिंत, पाइप, टेप. बोट सरकवत जावं तर सगळा तपकिरी चिखल. अर्धे फोनमध्ये, काही एका ॲपमध्ये, काही दुसऱ्यात, उरलेले कुठे ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"धन्य आहे!" कात्री म्हणाली आणि पुरावा असावा म्हणून भोकांचा फोटो काढायला तिनं स्वतःचा फोन उचलला. फोनवर पाटी आली: जागा शिल्लक नाही.

त्याच्या ओठांचा कोपरा हलला. तेवढंही तिला सहन झालं नाही.

"हसू नका. माझ्या फोनमध्ये काम आहे."

"माझ्यात काय लग्नाच्या पंगती आहेत?"

त्यानं हात पँटला पुसले, चांगले दोन्ही बाजूंनी पुसले, आणि मगच तिचा फोन धरला. बघतो तर काय... डोकी. नुसती पाठमोरी डोकी. नऊ हजार.

"यांची तोंडं कुठायत?"

"तोंड ज्याचं त्याला आरशात दिसतं. मागची बाजू फक्त मला दिसते," ती ठसक्यात म्हणाली. "सगळे येतात आणि म्हणतात, गेल्या वेळेसारखेच काप. गेल्या वेळी कसे होते ते कुणाच्या बापाला आठवतंय? मला आठवतं. कारण हे आहे."

तो जरा वेळ त्या डोक्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे. झाकायच्या आधीच फोटो काढायचा असतो."

मावशीनं टेबलावर टिचकी मारली. "बेसिन बंद म्हणजे अर्धं दुकान बंद. भिंत नीट झाल्याशिवाय हा माणूस दुसऱ्या कामाला हात लावणार नाही. आणि फोनचं काय ते रडगाणं दोघांनी मिळून संपवा. मला आजपासून ते ऐकू येता कामा नये."

मावशीचा शब्द म्हणजे शब्द. पण रडगाणं संपलं नाही. तिथूनच सुरू झालं.

*

दुसऱ्या दिवशी त्यानं फुटका पाइप कापून नवा जोडला आणि भिंत लिंपली. लिंपलेल्या भिंतीला रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे जातात, असं तो म्हणाला. म्हणून तो रोज यायला लागला. सकाळी अकराला बादली घेऊन यायचा, भिंतीवर पाणी मारायचा आणि मग भिंत पाणी पिईपर्यंत दोघं मिळून ॲपांची झडती घ्यायचे.

झडतीची रीत कात्रीनं ठरवली. पाच फोटो त्याचे, पाच तिचे. तेच दहा फोटो तीन ॲपांमध्ये चढवायचे, उतरवायचे आणि मोठे करून बघायचे. त्याच्या टेपेवरचे आकडे वाचता आले पाहिजेत, तिच्या केसांची टोकं मोजता आली पाहिजेत. नाही आली तर ते ॲप नापास.

सोपं वाटतं ना ऐकायला? सासू निवडणं परवडलं.

पहिल्याचं नाव पडलं कंजूष. फोटो चढवायचा तसा उतरवायचा, एक केस इकडचा तिकडे नाही. पण जागा द्यायची वेळ आली की चिमटीनं द्यायचा. आणि शोधायची सोय नाहीच. ज्याचं त्यानं हातानं खणायचं.

दुसरी रुसूबाई. सकाळी पासवर्ड मागायची, दुपारी विसरायची, संध्याकाळी म्हणायची तुम्ही कोण? कात्रीनं मास्तरीणबाईंना त्यांच्याच केसांचा फोटो पाठवला, तर तो बघायला आधी खातं उघडा म्हणे. नाव लिहा, जन्मतारीख लिहा.

"केस बघायला जन्मतारीख?" कात्री वैतागली.

"माझी जन्मतारीख मी नवऱ्याला सांगितली नाही कधी," मावशी टेबलावरून म्हणाली, "हिला सांगणार होय?"

तिसरं होतं चोंबडं. त्याला सगळ्यात नाक खुपसायचं असायचं. न सांगता फोटो लावून ठेवायचं, नावं द्यायचं, गठ्ठे पाडायचं. शोधायला मात्र त्याच्यासारखं कुणी नाही. 'आखूड' लिहा, आखूड केस हजर. 'लाल' लिहा, लाल केस हजर. पण अक्कल यथातथाच. नळवाल्याच्या वळणदार पाइपांवर त्यानं 'साप' अशी चिठ्ठी लावली. आणि मावशीच्या अंबाड्यावर 'मांजर'.

मावशीनं चष्मा लावून पाटी तीनदा वाचली.

"कुणी लिहिलं हे?"

"आपोआप लिहिलंय, मावशी," नळवाला घाईनं म्हणाला.

"आपोआप माझं काही होत नाही. पुसा."

पुसायला गेले तर चोंबड्यानं त्याच दहा फोटोंची फिल्म करून दाखवली. डोकं, पाइप, डोकं, पाइप, मागे रडकं व्हायोलिन, वर अक्षरं: तुमचे सोनेरी क्षण. नळवाल्यानं फोन पालथा घातला. कात्रीनं ओठ घट्ट मिटले. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं... आणि झालं! हसता हसता तिच्या हातातला कंगवा पडला. तो उचलायला दोघं एकदम वाकले, कपाळावर कपाळ आपटलं, आणि दोघांनीही "आई गं!" एकाच सुरात म्हटलं.

"भिंतीला पाणी मारून झालं असेल तर माणसांना सोडा," मावशी म्हणाली.

पण खरं सांगायचं तर जीव गुंतला तो हसण्यात नव्हे. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यानं विचारलं, "एवढ्या डोक्यांतून कोण कुठली ते तुम्हाला कळतं कसं?"

"कळतं म्हणजे? ही बघा मास्तरीणबाई. मानेवर डावीकडे भोवरा आहे, केस तिथे उभेच राहतात. ही बसवाली. टोपी घालून घालून इथे खळगा पडलाय. आणि हिचे... हिचे मध्यंतरी गेले होते सगळे. आजारी होती. हा पहिल्यांदा परत आल्यावरचा." तिनं बोट ठेवलं. पाठमोरं डोकं, बोटभर उंचीचे मऊ केस. "त्या दिवशी नुसती टोकं सारखी केली. दोन मिनिटांचं काम होतं. एक तास बसली खुर्चीत."

त्यानं आपला फोन काढला, कंजूषात बराच वेळ खणला आणि एक भिंत दाखवली. तिच्या नजरेला ती इतर भिंतींसारखीच.

"टेप कुणी धरलीय बघा."

कोपऱ्यात एक सुरकुतलेला अंगठा होता.

"एक आजोबा. घर बांधलं आणि प्रत्येक भिंतीला टेप स्वतः धरली. म्हणाले, मी नसेन तेव्हा पोरांनी भलतीकडे खिळा ठोकायला नको." त्यानं अंगठा मोठा करून दाखवला. "गेल्या वर्षी त्यांच्या सुनेनं फोन केला. हाच फोटो पाठवला मी. पाइप दिसायला पाठवला होता... ती अंगठाच बघत बसली."

कात्रीला काहीतरी फटकन बोलायची सवय होती. त्या वेळी मात्र ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. नखांच्या कडेला पांढरं सिमेंट, अंगठ्यावर जुना कापल्याचा वण. आणि हा माणूस मला भोकातून भेटला, हे आठवून तिला स्वतःचाच राग आला.

तो राग मोठा विचित्र होता. अकरा वाजून पाच मिनिटं झाली आणि बादली दिसली नाही की यायचा. बादली दिसली की जास्त यायचा. तो भिंतीकडे तोंड करून पाणी मारायचा आणि बोलायचा फक्त ॲपांबद्दल. चोंबड्यात अल्बम वाटून घेता येतो. रुसूबाईत नाही. कंजूषात दुवा पाठवता येतो, पण तो आठवड्यानं मरतो.

"अजून काही सांगायचंय?" एकदा तिनं विचारलंच.

तो वळला. पाण्याचा मग हातात तसाच. "आहे की..."

"मग सांगा."

"चोंबड्यात... फोटोंवर तारीख टाकायची सोयसुद्धा आहे."

तिनं कपाळावर हात मारला. हा माणूस भिंतीपलीकडचा पाइप शोधायला निघतो आणि समोरचं दार याला दिसत नाही!

आणि भिंत तर वाळत आली होती. फरशा लागल्या की काम संपलं. काम संपलं की यायचं कारण संपलं. हे तिला कळत होतं, त्यालाही कळत असावं, कारण फरशा त्यानं दोन दिवस उशिरा आणल्या. पण आणल्या. नवव्या दिवशी शेवटची फरशी लागली.

निवड त्याच दिवशी झाली. त्याला आकडे चोख हवेत, म्हणून त्याचा कंजूष. तिला घटकेत सापडायला हवं, म्हणून तिचं चोंबडं. तिचे नऊ हजार फोटो आदल्या दिवसापासून चढत होते ते पुरे चढले.

"आता फोनमधले पुसून टाका," तो हत्यारं आवरता आवरता म्हणाला. "फोन मोकळा होईल."

"नक्की? वर राहतील?"

"नक्की. मी माझे चौदा हजार तसेच पुसले. वर सगळे जागच्या जागी आहेत."

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि बटण दाबलं. फोन हलका झाला. त्यानं बादली उचलली. दारात घुटमळला. तीही घुटमळली.

"येतो मग," तो म्हणाला.

"या," ती म्हणाली.

एवढंच. नऊ दिवसांचा हिशोब दोन शब्दांत आटोपला. मावशीनं वही एवढ्या जोरात मिटली की आरसा हलला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई आल्या. "गेल्या वेळेसारखेच," त्या म्हणाल्या.

कात्रीनं चोंबडं उघडलं. पांढरं. तिनं 'आखूड' लिहिलं. काही नाही. 'लाल' लिहिलं. काही नाही. वर खाली, डावीकडे उजवीकडे, सगळीकडे कोरा पांढरा पडदा, जणू सहा वर्षं तिनं कुणाचे केसच कापले नव्हते.

तिनं फोन केला, आणि तो हातातलं काम टाकून धावत आला. त्यानं बघितलं. पुन्हा बघितलं. त्याचा चेहरा भिंतीसारखा झाला.

"हे... यात इथलं पुसलं की वरचंही पुसतं," तो हळू म्हणाला. "दोन्हीकडचं एकच असतं. माझ्या ॲपात तसं नाही. मला वाटलं सगळीकडे..."

दहा फोटो, तीन ॲपं, नऊ दिवस. आकडे तपासले, टोकं मोजली. आणि पुसल्यावर काय होतं, एवढं एकच विचारायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. बाकी सगळं तोलून झालं होतं.

"वाटलं?" कात्रीचा आवाज चढला. "तुला वाटलं? भिंतीत पाइप कुठे ते तुला वाटलं, फोटो कुठे जातात तेही तुला वाटलं! तुझ्या वाटण्यापायी माझी सहा वर्षं गेली. भिंतीतली भोकं बुजवलीस, हे कसं बुजवशील?"

पहिल्यांदा अरेतुरेवर आली ती अशी. दोघांच्याही ते लक्षात आलं.

"ऐक ना—"

"नाही ऐकायचं. परत या दारात दिसू नकोस."

तो गेला. तिनं त्याचा नंबर बंद केला. मग भर दुकानात मास्तरीणबाईंसमोर डोळे पुसले आणि म्हणाली, शाम्पू गेला डोळ्यात. शाम्पूची बाटली सकाळपासून उघडलीही नव्हती. मास्तरीणबाई शहाण्या. त्यांनी गळ्यातला टॉवेल पुढे केला.

पुढचे दिवस म्हणजे डोक्याला नुसता ताप. बसवालीचे केस बोटभर जास्त कापले गेले. एक जुनी बाई आरशात मागचं बघून म्हणाली, "हे माझं नाही," आणि परत आली नाही. मावशी म्हणायची, आमच्या वेळी काय फोटो होते का, डोकी डोक्यात ठेवायचो. आणि कात्री म्हणायची, मग तूच काप. आणि मावशी आखडलेली बोटं पुढे करायची.

त्यात त्या फरशा! तिनं त्यांच्यात खोट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. रेघा सरळ, कोपरे काटकोनात, कुठे एक फट नाही. माणसावर रागवायचं तर त्याचं काम तरी वाईट असावं.

तो तिसऱ्या दिवशी आला, तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं. आठव्या दिवशी दुसऱ्याच नंबरवरून फोन आला. "ऐक" एवढं ऐकलं आणि तिनं ठेवून दिला. बाराव्या दिवशी दातांच्या दवाखान्यातली बाई निरोप घेऊन आली, तर हिनं हातातला ड्रायर चालू केला. अभिमान चांगला असतो, पण कानात कापूस घालून बसलेल्या अभिमानाला काय म्हणायचं? मावशीनं बघितलं, मोजलं, गप्प राहिली. जवळजवळ चार आठवडे मावशी गप्प राहिली म्हणजे काय ते घरच्यांनाच कळेल.

शेवटी त्यानं दुकानाच्या फोनवर फोन केला. उचलला मावशीनं. तो फोनबद्दल काहीतरी भराभर सांगायला लागला, मुदत आहे, टोपली आहे, एकच दिवस आहे...

"मला फोनचं फोनवर सांगू नकोस," मावशीनं त्याला तोडलं. "केस वाढलेत का तुझे?"

"अं? ...हो."

"उद्या साडेअकराला खुर्ची रिकामी आहे."

आणि तिनं वहीत लिहिलं: धुणे, कापणे. नाव लिहिलं नाही.

*

साडेअकराला कात्री टॉवेल घेऊन वळली तर तो खुर्चीत बसलेला. आरशात दोघांची नजर भिडली.

"ऊठ," ती म्हणाली.

"माझ्या दुकानात खुर्चीत बसलेल्याला कुणी उठवत नाही," मावशी वहीतून मान वर न करता म्हणाली. "तो गिऱ्हाईक आहे. धू त्याचे."

तिनं धुतले. आता धुताना पाणी जरा जास्तच गार होतं, आणि नखं जरा जास्तच लागली, ते सोडा. तो डोळे मिटून पडला होता, ओल्या पापण्या एकमेकींना चिकटलेल्या. तिनं बघायचं नाही ठरवलं आणि बघितलं.

खुर्चीत परत बसवून तिनं टॉवेल गळ्याभोवती आवळला.

"घट्ट होतोय," तो म्हणाला.

"होऊ दे."

"बरं. तसाच सांगतो. तुझ्या ॲपात एक कचऱ्याची टोपली आहे. पुसलेलं तिथे तीस दिवस राहतं, मग कायमचं जातं. ज्या दिवशी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला कळलं. मदतीची सगळी पानं वाचली. एकदा नाही, दोनदा वाचली... या वेळी मला वाटलं नाही, मी बघितलंय. आज एकोणतिसावा दिवस आहे. मला शिव्या उद्या दे. फोन आत्ता उघड."

तिचा कंगवा हवेत थांबला.

"आणि हे तू आज सांगतोयस?"

"तू ऐकलंस कधी?"

तिनं ओले हात झग्याला पुसले, फोन उघडला. तो आरशातून सांगत गेला. खाली जा. अजून खाली. ती टोपली. सगळे निवड. आता परत आण.

तिनं दाबलं. एक गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय... मावशीनंसुद्धा वही बाजूला ठेवली.

आणि आले. पांढऱ्या पडद्यावर एकेक चौकट भरत गेली. नऊ हजार दोनशे बारा. कात्रीनं फोन छातीशी धरला, मग पुन्हा बघितला, मग "आहेत! मावशी, आहेत सगळे!" असं म्हणत तो खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरला.

तिथेच चुकली. नवे फोटो सगळ्यात वर येतात, आणि त्या दिवसापासून तिनं नवा फोटो काढलाच नव्हता.

सगळ्यात वर मास्तरीणबाई नव्हत्या, बसवाली नव्हती. एक पुरुषी मान होती, कॉलरवर सिमेंट. मग तीच मान पाणी मारताना. तीच मान वाकलेली, तीच मान कानावर पेन्सिल खोचलेली. एकाखाली एक. एकतीस.

हे आधी सांगितलं नाही, कारण तिनं ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. काढताना ती मनात म्हणायची, काय हे केस, कुणीतरी धड कापायला हवेत. एकदा म्हटलं तर ठीक. एकतीसदा?

तिनं फोन मागे ओढला. उशीर झाला होता.

"ही..." तो हळूच म्हणाला, "ही माझी मान आहे."

"असेल."

"त्या दिवसांत तुझ्या फोनमध्ये जागा नव्हती ना? भोकांचा फोटोसुद्धा निघाला नाही. मग हे कसे काढलेस?"

ती आरशात बघेना. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"सांग ना..."

"गाणी पुसली," ती पुटपुटली.

"किती?"

"सगळी." आणि मग एकदम उसळून, "बघतोस काय! नऊ दिवस ॲप, ॲप, ॲप! दुवा मरतो आणि तारीख टाकता येते! तुला एक वाक्य धड बोलता येत नव्हतं, तर मी काय करायचं होतं?"

त्यानं टॉवेल जरासा सैल केला.

"लिंपलेल्या भिंतीला तीन दिवस पाणी पुरतं."

"काय?"

"तीन दिवस. फार तर चार. मी नऊ दिवस मारलं. सातव्या दिवशी तर ती वाळली होती खडखडीत. मी तिला फुकट भिजवत होतो."

"मला तेव्हाच कळलं होतं," मावशी म्हणाली. "पाण्याचा थेंबन्‌थेंब माझा होता तो."

कात्री खुर्चीमागे उभी राहिली. एकोणतीस दिवस जपून ठेवलेला राग कुठे गेला ते तिला सापडेना, आणि तो शोधायला कुठलंही ॲप नव्हतं. तिनं हसू दाबायला केसांच्या चार क्लिपा दातांत धरल्या आणि त्याचं डोकं खाली दाबलं, हनुवटी छातीला टेकेपर्यंत. मानेवरचे केस कापायचे तर तसंच धरावं लागतं. कात्री चालू झाली... कच, कच, हळू, जपून. तिच्या बोटांना त्याच्या मानेची ऊब लागत होती.

"मी काय म्हणतो," तो छातीत तोंड खुपसून म्हणाला. "माझ्याशी लग्न करशील? ...विचार करून सांग. घाई नाही. म्हणजे आहे. पण सांग."

कच थांबली.

तिच्या दातांत क्लिपा. एका हातात कात्री, दुसऱ्यात त्याचे ओले केस. तिनं आरशात बघून मान हलवली. स्पष्ट हलवली. एकदा, दोनदा, मग क्लिपा पडतील इतक्या जोरात तिसऱ्यांदा.

त्याची नजर आपल्याच मांडीवर. वाट बघतोय. उत्तर येईना तसा त्याचा खांदा हळूहळू खाली गेला.

"बरं," तो म्हणाला. "नसेल तर राहू दे. फोटो मिळाले ना, तेवढं—"

"अरे गाढवा!" मावशी टेबलावर दोन्ही हात आपटून उठली. "ती मघापासून हो म्हणतेय! मान वर कर की!"